पगारेबाईंचं एकविसावं प्रकरण

पगारेबाईंना त्यांच्या प्रकाशकाने फसवलं. त्यांच्या 'दोन ओळींची जागा' या कादंबरीत एकवीस प्रकरणं होती. बाई गेल्यावर दोन वर्षांनी विद्यार्थ्यांसाठी म्हणून जी नवी आवृत्ती निघाली, तिच्यात वीस आहेत. आतल्या पानावर 'सुधारित आवृत्ती' असं छापलंय. काय सुधारलं ते कुठेच छापलेलं नाही.

मी साहित्यातला माणूस नाही. नाशकात अंबडला माझी शेड आहे. बंद पडलेल्या कारखान्यांतल्या जुन्या प्रेस, लेथ, ड्रिल मशीन घ्यायच्या, दुरुस्त करायच्या आणि विकायच्या, हा माझा धंदा. हेल्पर म्हणून आलो आणि इथवर पोचलो, कोणाच्या शिफारशीवर नाही. भाव करण्यात मी कोणाला ऐकत नाही आणि डोकं तापलं की समोर कोण आहे ते बघत नाही. हे दोन्ही पगारेबाईंपुढे चाललं नाही, एकदाही नाही. तशी बाई मी दुसरी पाहिली नाही.

गाळलेल्या प्रकरणात जो माणूस आहे तो मी. नाव वेगळं आहे, बाकी सगळा मीच. प्रकरण गेल्यामुळे मी स्वच्छ झालो. आणि सातपूरला राहणाऱ्या दौलत खैरनारला वाटतं की ते मीच कापून घेतलं. दौलत कोण ते सांगतो, पण आधी बाई.

इंदुमती पगारे हे नाव पुस्तकं वाचणाऱ्यांना नवीन नाही. सात कादंबऱ्या, दिल्लीचा मोठा पुरस्कार, हिंदी, कानडी, इंग्रजीत भाषांतरं. पण अंबड-सातपूरच्या जुन्या कामगारांना त्या वेगळ्याच कारणाने माहीत आहेत. कामगार विम्याच्या दवाखान्यात त्या कारकून होत्या. 'खिडकीतल्या बाई' म्हणायचे त्यांना. हात कापला, पाय भाजला, डोळ्यात लोखंडाचा कीस गेला, की मलमपट्टी करून माणूस त्यांच्या खिडकीपुढे यायचा आणि बाई त्याचा फॉर्म भरायच्या. त्या फॉर्मवर एक रकाना होता: 'अपघात कसा झाला ते थोडक्यात लिहा.' त्याखाली दोन ओळी आखलेल्या.

बाई सांगायच्या, "समोरचा माणूस अर्धा तास बोलायचा हो, सांगळे. गावापासून सुरुवात करायचा. बायको माहेरी गेलेली, म्हणून डबा नाही, म्हणून उपाशी, म्हणून चक्कर, म्हणून बोट. सगळं खरं असायचं. आणि माझ्याकडे जागा दोन ओळींची. उरलेलं घरी नेऊन लिहायचे. टाकून कसं देणार?"

अशा त्या लेखिका झाल्या. मुलाखतीत कोणी प्रेरणा विचारली की त्या म्हणायच्या, "जागेची टंचाई." लोक हसायचे. बाई हसायच्या नाहीत, कारण त्यांनी विनोद केलेला नसायचा.

मूळच्या त्या इगतपुरीच्या. वडील रेल्वेत, घाटातल्या लायनीवर कामाला. रेल्वेच्या दोन खोल्यांत सहा माणसं. तिथला पाऊस आम्हा सिन्नरकडच्यांना ऐकूनही खरा वाटत नाही. बाई म्हणायच्या, "आमच्याकडे चार महिने वह्या चुलीजवळ शेकायला लागायच्या. माझ्या चौथीच्या वहीला सुक्या बोंबलाचा वास होता, शेवटपर्यंत." इंदिरानगरातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये कागदांची कपाटं भिंतीपासून हातभर पुढे ओढलेली असत. नाशकात काही तेवढी ओल येत नाही, पण बाईंचा भिंतीवर विश्वास नव्हता.

बुटक्या, जाड भिंगाचा चष्मा, मनगटावर पुरुषी घड्याळ, खांद्याला कापडी पिशवी. 'लेखन' हा शब्द त्यांच्या तोंडी कधी ऐकला नाही. 'काम' म्हणायच्या. "सध्या काम काढलंय." जसं कोणी घराची गळती काढायला घेतं. आणि पुस्तक वाचलं असं कोणी सांगितलं की लगेच विचारायच्या, "कुठल्या पानापर्यंत आलात?" बहुतेक लोकांची इथेच दांडी उडायची.

एकदा त्यांच्या सत्काराला मी गेलो होतो. पुरस्कार नवीनच मिळालेला. एक मोठे प्राध्यापक पाऊण तास बोलले. धरणात गेलेल्या गावाची बाईंची जी कादंबरी आहे तिचं फार कौतुक केलं. विदारक म्हणाले, दाहक म्हणाले, आणखी काय काय म्हणाले. बाई शेजारी बसून ऐकत होत्या. बोलायला उठल्या आणि पहिलं वाक्य त्या प्राध्यापकांकडे वळून.

"सर, कुठल्या पानापर्यंत आलात?"

"म्हणजे? संपूर्ण वाचली, बाई."

"मग शेवटी म्हैस कोणाकडे राहते?"

प्राध्यापकांनी पाण्याचा पेला उचलला. बाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "धाकट्या जावेकडे. त्यासाठीच मी ती कादंबरी लिहिली. ज्यांनी वाचली नाही त्यांनी वाचा, ज्यांनी वाचली त्यांचे आभार." आणि बसल्या. झालं भाषण. मी मागच्या रांगेतून एवढ्या जोरात शिट्टी मारली की बायकोने चिमटा काढला.

पण बाईंशी माझी पहिली भेट त्याच्या कितीतरी आधीची, खिडकीतली.

दौलत खैरनार आणि मी एकाच कारखान्यात होतो. तो सटाण्याकडचा, मी सिन्नरकडचा. तो पॉवर प्रेसवर, मी मेंटेनन्सला. प्रेसच्या तोंडाशी लोखंडी जाळी बसवलेली असते. पत्रा आत सरकवायचा, हात जाळीच्या बाहेर राहतो, मग पायाने पायडल दाबायचं. एक दिवस सकाळच्या पाळीत दौलतच्या उजव्या हाताची चार बोटं प्रेसखाली गेली. जाळी जागेवर नव्हती. कंपनीने लिहून दिलं की कामगाराने जाळी स्वतःच काढून ठेवली. साक्षीला मला पाठवलं.

बाईंनी माझ्याकडे बघत विचारलं, "कसं झालं?"

मला जे शिकवून पाठवलं होतं ते मी सांगितलं. त्यांनी दोन ओळींत लिहिलं आणि वाचून दाखवलं. "कामगाराच्या निष्काळजीपणामुळे. बरोबर?"

"बरोबर."

"अजून काही सांगायचं असेल तर सांगा. जागा कमी आहे, पण वेगळा कागद जोडता येतो."

"काही नाही."

"मग इथे सही करा."

केली. त्या वयात मला वाटलं, सुटलो.

बारा-तेरा वर्षं गेली. मी नोकरी सोडून शेड टाकली होती. एका रविवारी दुपारी ही बुटकी बाई पिशवी घेऊन दारात उभी. मी ओळखलं नाही. त्यांनी ओळखलं की नाही ते तेव्हा कळलं नाही.

"पॉवर प्रेस चालू करून दाखवाल का?"

"घ्यायची आहे?"

"लिहायची आहे."

मी म्हटलं, एक तास देतो. त्या पुढचे अकरा रविवार आल्या. तेलाच्या उपड्या डब्यावर बसायच्या आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करायला लावायच्या. क्लच सोडा. परत सोडा. आता डोळे मिटून ऐकते, सोडा. माझ्या माणसांना आधी गंमत वाटली, मग वैताग आला, मग रविवारी बाई उशिरा आल्या तर ते फाटकाशी जाऊन बघायला लागले.

त्याच दिवसांत त्यांना माझ्याकडचं एक लोखंडी टेबल आवडलं. कुठल्यातरी फोरमनच्या केबिनमधलं, भक्कम. मी भाव सांगितला. बाई काही बोलल्या नाहीत. टेबलाचा एक पाय हलवून बघितला, डब्यावर बसल्या आणि जेवणाचा डबा उघडला. भाकरी, ठेचा. खात राहिल्या. मी म्हटलं, "बाई, तुमच्यासाठी थोडं कमी करू." त्यांनी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून कळलं नाही. मी आणखी खाली आलो. त्यांनी ठेच्याला बोट लावलं. मी तिसऱ्यांदा खाली आलो आणि मग भडकलोच.

"अहो, बोला ना काहीतरी!"

"मी जेवतेय," बाई म्हणाल्या, "बोलताय तुम्हीच."

माझी माणसं मशीनमागे तोंड लपवून हसत होती. ते टेबल मी माझ्याच टेम्पोने इंदिरानगरला पोचवलं. शेवटच्या चार कादंबऱ्या बाईंनी त्याच टेबलावर लिहिल्या.

त्यांची कामाची रीत मी दुसऱ्या कुठल्या लेखकाची ऐकली नाही. ज्याच्या कामाबद्दल लिहिलं, त्याला ते छापायच्या आधी वाचून दाखवायचं. गवंड्याचं गवंड्याला, सुईणीचं सुईणीला. नियम ठरलेला. वाचायला सुरुवात करताना दर वेळी सांगायच्या, "चांगलं वाईट सांगू नका, ते माझं मी बघेन. खोटं कुठे आहे तेवढं सांगा. तिथे हात वर करायचा." मग वाचून झालं की ऐकणाऱ्याने कागदाच्या कडेला आपल्या हाताने लिहायचं, ऐकलं म्हणून, आणि सही करायची. ज्याला लिहिता येत नाही त्याने अंगठा.

रविवारी जेवणाच्या सुट्टीत माझ्या शेडमध्ये हे वाचन चालायचं. आमच्याकडे भिकाभाऊ म्हणून सगळ्यात जुना ऑपरेटर होता. पहिल्याच दिवशी बाईंनी वाचलं की प्रेस गर्जत होती. भिकाभाऊचा हात वर.

"प्रेस गर्जत नाय बाई. गर्जतो तो कॉम्प्रेसर. प्रेस ठक्क म्हणती आन गप बसती. भ्याव वाटतं ते तिच्या गप बसण्याचं."

बाईंनी पेन काढलं. मग दीड पान आडव्या रेघा मारून काढून टाकलं. दीड पान! मी त्या जागी असतो तर भिकाभाऊशी निदान अर्ध्या पानावर तडजोड केली असती.

दुसऱ्या एका रविवारी पॅकिंगमधली बाई आणि एक ऑपरेटर यांचं प्रेमाचं बोलणं वाचलं. तीन पानं. भिकाभाऊचा हात पुन्हा वर.

"आता यात काय खोटं?" बाईंनी विचारलं.

"येवढं कोण बोलतं वो सुट्टीत? डबा गार व्हतो."

"मग काय बोलतात?"

"लोणचं देतो का, म्हणती ती. तो देतो. झालं."

बाई इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसायला लागला. पुस्तकात आता लोणचंच आहे. पत्रं यायची त्यांना त्या लोणच्यावर, बाईच सांगायच्या.

पण विसाव्या प्रकरणाच्या रविवारी कोणी हसलं नाही.

त्या दिवशी बाई नेहमीपेक्षा सावकाश वाचत होत्या. कादंबरीतल्या कामगाराची बोटं जातात ते प्रकरण. बोटं गेली, रक्त, धावपळ, सगळं अचूक. मग दवाखाना, खिडकी, फॉर्म. आणि बाईंनी वाचलं, "कामगाराच्या निष्काळजीपणामुळे." तोच आवाज, तीच चाल. तेव्हा मला कळलं की त्यांनी मला पहिल्या दिवशीच ओळखलं होतं. अकरा रविवार आणि नंतरचे किती, त्या या एका ओळीपर्यंत यायची वाट बघत होत्या.

वाचून थांबल्या. "खोटं असेल तिथे हात वर करा."

कोणीच हलेना. माझ्या माणसांना काय माहीत? भिकाभाऊ म्हणाला, "पुढं वाचा बाई, बरोबर हाये."

बाई पुढे वाचेनात. माझ्याकडेही बघेनात. कागदाकडे बघत बसल्या. जेवणाची सुट्टी संपली तरी बसल्या.

मी हात वर केला नाही. मी शेजारच्या तेलाच्या डब्याला लाथ मारली. ओरडलो, की हे सगळं खोटं आहे, निघा इथून, परत पाय ठेवायचा नाही. माझी माणसं उठून उभी राहिली. बाई बसूनच म्हणाल्या, "खोटं आहे एवढं कळलं. खरं काय ते सांगा, मी लिहून घेते."

आणि मी सांगितलं. माझ्याच माणसांसमोर. माल निघत नव्हता, जाळीमुळे हात सावकाश चालतो, फोरमन म्हणाला काढून टाक. मी पान्याने चार बोल्ट सोडले आणि जाळी भिंतीला टेकवून ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी दौलत पाळीला आला तेव्हा म्हणाला, "सांगळ्या, जाळी लाव ना रे." मी म्हटलं, "जेवणानंतर लावतो." जेवणाच्या आधीच झालं.

बाईंनी सगळं लिहून घेतलं. एकदाही मान वर केली नाही.

पुढचे तीन आठवडे मी जे केलं त्याची मला लाज आहे, पण बाई कशा होत्या ते त्याशिवाय कळणार नाही. मी त्यांच्या घरी जाऊन भाव करायला लागलो. म्हटलं, नाव बदला. त्या म्हणाल्या, बदललंय. म्हटलं, गाव बदला. बदललं. मग म्हटलं, "बाई, अपघात म्हणा ना. जाळी आपोआप ढिली झाली, असंही होतं."

"होतं?"

"होऊ शकतं."

"तुमची झाली होती?"

मग म्हटलं, "निदान फोरमनवर टाका. सांगितलं त्यानेच ना?"

"त्याने सांगितलं हे लिहिलंय की. पान्यावर हात कोणाचा होता?"

मी फार बोललो. तुम्हाला काय, तुम्ही घरात बसून लिहिता, माझा धंदा आहे, लोक ओळखतील. बाईंनी चहा केला, कप माझ्यापुढे ठेवला, बशीत स्वतः घेतला. म्हणाल्या, "सांगळे, तुम्ही चांगला भाव करता. पण ही वस्तू माझी नाही, मग मी कमी कशी करू? ज्याची आहे त्याला विचारू या."

आणि पुढच्या रविवारी त्या रिक्षातून उतरल्या त्या दौलत खैरनारला घेऊन.

मी त्याला इतक्या वर्षांत तोंड दाखवलं नव्हतं. तो तेव्हा एका गोदामावर वॉचमन होता. उजवा हात खिशात. शेडमध्ये आम्ही तिघंच. बाईंनी एकविसावं प्रकरण काढलं.

विसावं फॉर्मवरच्या त्या खोट्या ओळीशीच संपतं, खरं एकविसाव्यात येतं, ते असं. जाळी काढणारा माणूस बऱ्याच वर्षांनी बोटं गेलेल्या माणसाच्या घरी जातो आणि दारातच सांगतो, जाळी मी काढली होती. तो माणूस शिवी देत नाही, माफही करत नाही. म्हणतो, आलास तर बस, बायको कामावर गेलीय, कणीक मळायची राहिलीय, माझ्याने होत नाही. आणि हा खाली बसून कणीक मळतो. संपली कादंबरी.

वाचून झालं. माझी दौलतकडे बघायची हिंमत नव्हती. त्याचा डावा हात वर गेला.

"कणीक नाही, बाई," तो म्हणाला. "बाजरीनं पीठ. आमच्या घरी भाकरी लागते. आणि भाकरीचं पीठ आधी मळून ठेवत नाहीत, एकेक करून मळतात. हा सिन्नरकडचा असून याने सांगितलं नाही तुम्हाला?"

बाईंनी खोडलं, बाजरी लिहिली.

"अजून काही खोटं?"

"बाकी खरं शे." मग माझ्याकडे वळून तो अहिराणीतच बोलला, "माले माहीत व्हतं, सांगळ्या. तूच काढी व्हती जाळी. फक्त तू कधी सांगशी ते माहीत नव्हतं."

बाईंनी कागद पुढे केला. दौलतने डाव्या हाताने, वाकड्या अक्षरात, कडेला लिहिलं, 'खरं शे', म्हणजे खरं आहे, आणि सही केली. मग बाईंनी कागद माझ्याकडे सरकवला. त्या रीतीप्रमाणे मला अजूनही हात वर करायचा हक्क होता. मी दौलतच्या खाली सही केली.

त्या दिवसापासून दौलत माझ्याशी बोलायला लागला. मैत्री म्हणणार नाही. पण पोळ्याला, दिवाळीला फोन यायचा, आजारपणात एकमेकांकडे जाऊन बसायचो. मला त्याचं मोल कळतं.

पुस्तक गाजलं. सिनेमावाला एक आला होता बाईंकडे, मी तिथेच होतो. म्हणाला, सगळं छान आहे, फक्त शेवटी दोघांची गळाभेट दाखवू. बाई म्हणाल्या, "पिठाच्या हातांनी मिठी मारता येत नाही." तो गेला तो गेलाच. प्रकाशकांचाही माणूस एकदा आला. त्यांचं म्हणणं, शेवटचं प्रकरण थोडं रेंगाळतं, विसाव्यावर संपवलं तर परिणाम होतो. बाईंनी त्याला जे सांगितलं ते मी माझ्या कानांनी ऐकलं. "वीस माझी आहेत, त्यांचा विचार करीन. एकविसाव्यावर दोन माणसांच्या सह्या आहेत. त्याला मी हात लावू शकत नाही, तुम्हीही लावू नका." तो माणूस मान डोलावून, पोहे खाऊन गेला.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या जाण्याच्या महिनाभर आधी. दुपारी सहज गेलो होतो. दार उघडंच. त्या लोखंडी टेबलाशी बसलेल्या, खूप वाळलेल्या, घड्याळ मनगटावरून कोपराकडे सरकलेलं. शेजारी स्टुलावर बिल्डिंगमध्ये भांडी घासणारी एक बाई, पायाला प्लॅस्टर. कुठलातरी मदतीचा अर्ज चालला होता. पगारेबाई विचारत होत्या, "जिन्यावर पाणी कोणी सांडलं होतं? नाही, तुझी चूक नंतर सांग. आधी पाणी कोणी सांडलं ते सांग." मी दारात उभा. त्यांनी मान वर न करता डावा हात उचलून मला बसायची खूण केली आणि लिहीत राहिल्या. मी थोडा वेळ बसलो. त्या बाईचं सांगणं काही संपेना, आणि पगारेबाई काही तिला थांबवेनात. अर्जाला तीन कागद जोडून झाले होते. मी हळूच उठून आलो. त्यांना कळलंही नसेल.

नवी आवृत्ती निघाल्याचं मला माहीतसुद्धा नव्हतं. कळलं ते दौलतच्या फोनवरून. त्याच्या नातीला कॉलेजात हीच कादंबरी लागली. ती आजोबांना रोज थोडी वाचून दाखवत होती. विसावं प्रकरण संपलं, तिने पुस्तक मिटलं. दौलत म्हणाला, पुढचं वाच. ती म्हणाली, संपलं बाबा.

त्याने मला फोन केला. आवाज चढलेला नव्हता. "सांगळ्या, कितीला मिटवलं?"

"काय मिटवलं?"

"शेवट कापला ना पुस्तकाचा. तुझ्याएवढा फायदा त्यात कोणाचा शे?"

मी आईची शपथ घेतली, ओरडलो, तो ऐकून घेत होता. माझ्याकडची जुनी प्रत घेऊन मी त्याच संध्याकाळी सातपूरला गेलो. तो म्हणाला, "जुनं माझ्याकडे पण शे. पोरं नवं वाचतात." नातीने चहा दिला. माझा चहा पिऊन होईपर्यंत तो भिंतीकडे बघत बसला. त्यानंतर त्याचा फोन आलेला नाही.

मी प्रकाशकांच्या कार्यालयात गेलो. तिथे एक संपादक होते, सभ्य माणूस. म्हणाले, विद्यार्थ्यांच्या दृष्टीने शेवट उपदेशासारखा वाटत होता.

"भाकरी थापणं उपदेश आहे?"

"तसं नाही. पण नाट्यमय टोक विसाव्यात आहे. शिवाय त्या प्रकरणात एका व्यक्तीची बदनामीही होते, असं आमच्या लक्षात आलं."

"ती व्यक्ती मी आहे."

ते एकदम खुर्चीत सरळ झाले. मग हसले. "मग साहेब, तुमची तक्रार काय? तुमचा तर फायदाच झाला."

मी टेबलावर हात आपटला, त्याबद्दल माफी मागणार नाही. मी विचारलं, कापायचं कोणी ठरवलं? ते म्हणाले, वारसांची संमती आहे. वारस म्हणजे बाईंची भाची, ती इंदिरानगरातच राहते, मी तिथे गेलो. ती बिचारी रडायला लागली. तिला सांगितलं होतं की छपाईच्या चुका दुरुस्त करायच्या आहेत, म्हणून तिने सही दिली. मी परत प्रकाशकांकडे गेलो. संपादक म्हणाले, निर्णय समितीचा. समितीत कोण? ते सांगता येत नाही. मग सह्या असलेलं हस्तलिखित तरी दाखवा. ते शोधावं लागेल. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा संपादक जागेवर नव्हते.

दौलत आता पंचाहत्तरीला आलाय. त्याला पुस्तकाचे पैसे नकोत, नाव नको. त्याची बोटं का गेली ते खरं खरं छापून आलं होतं, एवढीच त्याची कमाई, आणि ती बाईंनी मिळवून दिली होती. ती त्याच्या नातीच्या हातून काढून घेतली गेली, आणि घेणारा मी आहे असं समजून तो बसलाय. मी कितीही सांगितलं तरी त्याला ते पटणार नाही. एकदा खोटी सही केलेल्या माणसाचं त्याने का ऐकावं?

म्हणून हे जाहीरपणे लिहितोय. ज्याने कोणी एकविसावं प्रकरण काढलं, एकट्याने असो की समितीत बसून, त्याने समोर यावं. माझ्याकडे नको. सातपूरला चला, दौलत खैरनारसमोर बसा, आणि सांगा की हे मी केलं, सांगळ्याने करायला लावलं नाही. तो ओरडत नाही. ओरडतो मी, आणि मी बाहेर रस्त्यावर थांबेन. पुढच्या आवृत्तीत प्रकरण परत घालाल ते घालाल, ते तर घालावंच लागेल. पण आधी त्याच्या तोंडावर उत्तर द्या. बाईंनी नको म्हणून सांगितलं होतं. दौलतला विचारलं नाहीत, मला विचारलं नाहीत, भाचीला खोटं सांगितलंत. मग विचारलंत कोणाला?